एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

३ मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवा, बाकीचं मग. मागच्या पत्रात गुडघ्यांबद्दल एक ओळ लिहून पुढची तीन पानं तुम्ही सुनेच्या भाजी चिरण्यावर खर्ची घातलीत, त्यावरून गुडघे बरे असावेत असं मी धरून चाललो आहे. फोन करत नाही म्हणून रागावू नका. मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकतो. कागदाच्या कारखान्याने कान घेतले, लिहायला कागद तेवढा ठेवला.

बातमी त्याच कारखान्याची आहे. बंद पडून अकरा वर्षं झाली, आता तो पुन्हा उघडतो आहे. कागदासाठी नव्हे हो. वरच्या दोन मजल्यांवर ऑफिसं झाली आहेत. गोदामात कॉफीचं दुकान आहे आणि तिथे आपल्या जुन्या पेट्यांवर बसायचं. पेट्यांवर आम्ही कधी बसलो असतो तर मुकादमाने उभं सोललं असतं. सगळ्या पायपांना पिवळा रंग दिला आहे. आत काही वाहत नाही, पण दिसतात झकास.

मशीनघर मात्र तसंच ठेवून त्याचं संग्रहालय करणार आहेत. त्याची व्यवस्था बघायला एक मुलगी आली आहे, गोल चष्म्याची. मी तिला चष्मेवाली म्हणतो, तिला चालतं. जुन्या यंत्रांवर तिने मोठं शिक्षण घेतलं आहे, पण ग्रीस हाताला लागलं की हात असा लांब धरते की जसा काही दुसऱ्याचाच आहे. ती शोधत शोधत माझ्या खोलीवर आली. म्हणे, "काका, त्या वेळचे फिटर आता तुम्ही एकटेच उरलात." मशीन साफ करून द्यायचं, रूळ नुसते सावकाश फिरतील अशी लहान मोटर जोडायची, आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगायचं, असं काम आहे. मी हो म्हटलं. घरात बसून भिंतीशी किती बोलणार?

आता जे लिहायला चार दिवस घेतले ते लिहितो. एक नंबर आणि तीन नंबर मशीन भंगारात गेलं. ठेवलेलं मशीन दोन नंबरचं आहे. मी निवडलेलं नाही, वहिनी. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. पुढच्या महिन्यात ते जॅकवर उचलून खालचा पाया दुरुस्त करणार आहेत. बसवल्यापासून पहिल्यांदाच ते जागचं हलेल.

छोटीला पापा. मुलाला म्हणावं, काका अजून हिंडतो-फिरतो आहे.

तुमचा,
भाऊजी

---

११ मार्च

भाऊजी, आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथेच आहेत. सूनही भाजी तशीच चिरते.

दोन नंबर ठेवलं. छान केलं. त्याला रंग देणार असतील, दिवे सोडणार असतील. बत्तीस वर्षांपूर्वी ह्यांना त्या रुळांमधून काढायला दोन तास लागले होते, तेव्हा दिवा धरायला माणूस मिळत नव्हता.

रडगाणं गायला लिहीत नाही. काम आहे. मशीन उचलणार म्हणता, म्हणजे खालचा खड्डा उघडा पडेल. त्यात ह्यांचा बिल्ला शोधा.

लग्न होऊन मी आले तेव्हा पहिल्या महिन्यात जेवताना तुम्हीच मला कारखान्याची रीत समजावली होतीत. पाण्याच्या तांब्याला चमचा अडकवलात आणि म्हणालात, "वहिनी, हा मशीन चालू करायचा दांडा, हा बिल्ला. फिटर मशीनखाली शिरला की त्याचा नंबराचा पितळी बिल्ला दांड्याला लागतो. तो लागला असेतो खुद्द मालक आला तरी मशीन चालू होत नाही. आणि बिल्ला काढायचा तो ज्याचा त्यानेच." हे शेजारी बसून हसत होते. नंतर म्हणाले, बाकी सगळं विसरेन, बिल्ला लावायला विसरणार नाही, घरी बायको आहे आता.

चौकशीच्या अहवालातली ओळ मला पाठ आहे. "मृत कामगाराने नियमानुसार बिल्ला न लावल्याने, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे." बत्तीस वर्षं मी सांगते आहे की त्यांनी लावला होता आणि बत्तीस वर्षं लोक माझ्याकडे बिचारी म्हणून बघतात. पण माझं सोडा. मुलगा बाहेर पडताना गॅस चारदा तपासतो. कुलूप लावून जिना उतरतो आणि परत चढतो. परवा छोटीने विचारलं, "तुझे बाबा कसे वारले?" तर म्हणाला, "त्यांचं लक्ष नव्हतं." एवढंच. तीन वर्षांचा होता तो. बापाबद्दल त्याला एवढीच एक गोष्ट माहीत आहे, आणि तीही त्या अहवालाने सांगितलेली.

मला जाण्याआधी हे बदललेलं बघायचं आहे. दुसरं काही मागणं नाही.

तुम्ही त्या दिवशी पाळीवर होतात. तुम्हाला काही आठवत असेल तर लिहा. मी समजून घेईन. आठवत नसेल तर खड्डा बघा.

वहिनी

---

२० मार्च

वहिनी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मुलाचं वाचून वाईट वाटलं. शाळेत असताना दप्तर कुठे टाकलं ते आठवायचं नाही त्याला, मीच गल्लीभर शोधत फिरायचो.

त्या दिवसाचं मी काय लिहू? मी लगद्याच्या हौदाकडे होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. हौद दुसऱ्या टोकाला. आरडाओरडा ऐकला आणि धावलो. तोवर सगळं संपलं होतं.

खड्ड्याचं म्हणाल तर त्याच्यावर फार आशा ठेवू नका. रुळांखालून पाणी आणि लगदा गळायचा तो तिथे साचायचा. वर्षातून एकदा पंपाने उपसायचे, आणि तळाला राहिलेला लगदा वाळून वाळून वीतभर जाडीचा पुठ्ठा झाला आहे. आम्हीच त्यात किती पाने-पकडी घालवल्या. बिल्ला तो केवढासा, रुपयाएवढा. तो तिथे पडला असेल कशावरून, आणि पडला असला तरी उरला असेल कशावरून?

इतकी वर्षं झाली, वहिनी. दादा कसा होता ते आपल्याला माहीत आहे. पाना पुसल्याशिवाय पेटीत ठेवत नसे. कागदावर कुणी काय खरडलं त्याने तो बदलत नाही. मुलाला मी सांगेन हवं तर, त्याचे बाबा किती काटेकोर होते ते.

इथे रूळ घासायचं काम चालू आहे. गंज निघाल्यावर खालून पोलाद असं निघालं की तोंड दिसतं. चष्मेवालीने त्यात बघून केस नीट केले. मी हसलो आणि मग बाहेर जाऊन बसलो.

भाऊजी

---

२९ मार्च

भाऊजी, आशीर्वाद.

हौदाकडे होतात. हो, चौकशीतही तुम्ही तेच सांगितलंत. शब्द न् शब्द तोच आहे.

मुलाला बातमी कळली आहे. तुमच्या चष्मेवालीनेच त्याला पत्र पाठवलं, जूनमध्ये उद्घाटनाला बोलावलं आहे. मशीनशेजारी फलक लावणार, त्यावर ह्यांचं नाव आणि अपघाताची हकिकत लिहिणार, माहिती कारखान्याच्या कागदपत्रांतून घेणार. म्हणजे कुठून ते तुम्ही ओळखा. मुलगा छोटीला घेऊन येणार म्हणतो. ती आता सगळं वाचते, दुकानांच्या पाट्याही सोडत नाही. आजोबांचा हलगर्जीपणा ती मोठ्याने वाचेल.

तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते मी विसरलेले नाही. लग्न केलं नाहीत. मुलाला खांद्यावर घेऊन शाळेत नेलंत. आम्ही इकडे येईपर्यंत चोवीस वर्षं माझ्या हातचं जेवलात आणि कधी मीठ कमी आहे म्हणाला नाहीत, आणि ते पुष्कळदा कमी असायचं. म्हणूनच तुम्हाला सांगते आहे, दुसऱ्या कुणाला नाही.

बिल्ला शोधा. खड्ड्यात नसेल तर दुसरीकडे शोधा. तुम्हाला सापडेल. सापडला की मला लिहा, जसं असेल तसं लिहा. मी वाट बघते.

वहिनी

---

१८ एप्रिल

वहिनी, वहिनी!

सापडला. तुमचंच खरं झालं.

सगळं नीट सांगतो. मंगळवारी मशीन उचललं. सहा जॅक लावले होते. माणसं पुठ्ठ्याचा थर पहारीने फोडून घमेल्यात भरत होती आणि मी एकेक घमेलं चाळत होतो. पहिल्या दिवशी एक पाना, दोन बोल्ट आणि कुणाचातरी कंगवा मिळाला. दुसऱ्या दिवशी काही नाही. काल दुपारी दांड्याच्या बरोबर खाली, कोपऱ्यात, मीच हात घालून एक तुकडा उचकटला, तर त्याच्या पोटात पितळेची कड दिसली. नखाने खरवडलं तर चार दिसला. मग एक दिसला. मी तिथेच बसलो. चष्मेवाली धावत आली आणि रडायलाच लागली. तिने ह्या खेपेला हात लांब धरला नाही.

आता सगळा उलगडा झाला. दादाने बिल्ला नेहमीसारखा लावला होता. दोन नंबर बंद होतं, पण शेजारची दोन्ही मशीनं चालू होती, जमीन सारखी हादरायची. कडी सैल असणार. बिल्ला निसटून खाली गेला. पाळी बदलली, नवा चालक आला, त्याला दांडा मोकळा दिसला आणि त्याने ओढला. कुणाचाच दोष नाही. दादाचा तर नाहीच नाही.

फलकाचा मजकूर चष्मेवालीने बदलला. मी तुमच्यासाठी उतरवून घेतला आहे: "एक्केचाळीस क्रमांकाचा हा बिल्ला यंत्र उचलताना खालच्या खड्ड्यात मिळाला. फिटरने तो नियमानुसार लावलेला होता, हे त्यामुळे स्पष्ट झाले. त्यांच्यावर ठेवलेला हलगर्जीपणाचा ठपका चुकीचा होता." पितळेवर कोरून आणायला दिला आहे. बिल्ला काचेच्या पेटीत राहील.

मुलाला मी काल लगेच फोन केला. मला त्याचं काही ऐकू येईना, म्हणून मीच ओरडून ओरडून सांगितलं. मग सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, "ते बोलू शकत नाहीत, रडत आहेत." एवढं मला ऐकू आलं.

तुम्ही आता जूनमध्ये यायलाच पाहिजे. गुडघ्यांची सबब चालणार नाही. मी स्टेशनवर खुर्ची घेऊन येतो.

भाऊजी

---

६ मे

भाऊजी,

उत्तर उशिरा देते आहे. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा फाडलं.

घरात सगळे आनंदात आहेत. मुलाने ह्यांचा फोटो माळ्यावरून काढला, पुसला आणि दिवाणखान्यात लावला. खिळा त्याने स्वतः ठोकला. परवा बाहेर पडताना कुलूप एकदाच लावलं आणि खाली निघून गेला. मी खिडकीतून बघत होते, परत येतो का म्हणून. आला नाही.

आता माझं ऐका.

हे गेले त्याच्या सातव्या दिवशी मी घरातले कपडे धुवायला काढले. कुणीतरी काढायलाच हवे होते. तुमचा कामाचा निळा डगलाही त्यात होता. भिजवण्याआधी खिसे तपासायची माझी सवय. बाहेरच्या खिशात बिड्या निघाल्या. आतल्या डाव्या खिशात, बटणाखाली, बिल्ला होता. एक्केचाळीस.

मी तो परत खिशात ठेवला, बटण लावलं आणि डगला तसाच खुंटीला टांगला. सगळ्यांचे कपडे धुतले गेले आणि तुमचा तेवढा डगला राहिला, हे तुमच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगतील. धक्क्यात आहेत. मग वाटलं, वर्ष होऊ दे. मग मुलगा शाळेत जाऊ दे. त्याचं लग्न झालं तेव्हा वाटलं, आता सांगतील. रोज तुमच्या पानात वाढताना मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, भाऊजी. चोवीस वर्षं.

तुमच्यासाठी मी कारणही शोधून ठेवलं होतं. बिल्ला दांड्यावर होता आणि चालकाने घाईत न बघताच दांडा ओढला. त्याची चार मुलं, आंधळी आई. बिल्ला दांड्यावर सापडला असता तर तो तुरुंगात गेला असता. तुम्ही पहिले पोहोचलात, आणि मेलेला तर गेला, जिवंत माणसाचं घर कशाला बुडवा, म्हणून तुम्ही तो काढून खिशात टाकलात. मला राग होता. ह्यांच्या नावाची किंमत देऊन तुम्ही परक्याला वाचवलंत. पण तुम्ही तसेच आहात, आणि हेही तसेच होते. त्या कारणावर मी जगले.

खड्डा बघा म्हणून मी लिहिलं ते खड्ड्यासाठी नव्हे. तुम्हाला बोलायला दार उघडून दिलं होतं. तुम्ही त्याच दारातून पळून गेलात, आणि वर माझ्यासाठी कंगव्याची आणि बोल्टची गोष्ट रचलीत.

मला फक्त तुमच्या हातचं एक वाक्य पाहिजे. असंच झालं ना?

वहिनी

---

१५ मे

वहिनी,

तुम्ही लिहिलंत त्याला हो म्हणावं म्हणून मी पाच दिवस हातात पेन धरून बसलो. हो म्हणणं सोपं होतं. तुम्हीच लिहून दिलं होतंत, मला खाली सही करायची होती. पण तुम्ही चोवीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघितलंत हे वाचल्यावर हात उचलेना.

मी चालकाला वाचवलं नाही. मी कुणालाच वाचवलं नाही.

आदल्या दिवशी माझा बिल्ला गटारात पडला. मी नुकताच कायम झालो होतो. बिल्ला हरवला हे मुकादमाला कळलं असतं तर परत हंगामीत ढकललं असतं. सकाळी मला एकट्याला हौदात उतरायचं होतं, म्हणून दादाने स्वतःचा बिल्ला मला दिला. म्हणाला, "आजच्या दिवस वापर. उद्या नवा मागून घेऊ, मी बोलतो मुकादमाशी." हौदाचं काम तीनपर्यंत आटोपलं आणि मी त्याच्याकडे गेलो. दोन नंबरवर कागद फाटून रुळांत गुंतला होता. दादा खाली शिरायला निघाला आणि हात पुढे करून म्हणाला, "बिल्ला दे."

बिल्ला आतल्या खिशात होता. माझे हात लगद्याने कोपरापर्यंत बरबटलेले. बटण निघेना. तो म्हणाला, "राहू दे रे. दोन मिनिटांचं काम. तू दांड्यापाशी उभा राहा, तूच माझा बिल्ला." आणि खाली गेला.

मी उभा राहिलो. मग चहाची गाडी आली. पाळी बदलायच्या आधीची शेवटची फेरी, गेली की गेली. वीस पावलांवर उभी होती. मला वाटलं, दादा बाहेर आला की त्याला लागेल. मी दोन कप घेतले. वळलो तेव्हा नवा चालक दांड्यापाशी पोहोचला होता. मी ओरडलो. दोन मशीनं चालू असलेल्या त्या घरात ओरडणं काय ऐकू येणार? त्याने दांडा बघितला, मोकळा होता. त्याने नियमाने जे करायचं तेच केलं.

चौकशीत पहिला प्रश्न आला, "तू कुठे होतास?" तोंडातून निघून गेलं, हौदाकडे. त्यानंतर रोज वाटायचं की आज सांगू. मुलगा खांद्यावर बसून माझे कान धरायचा, आणि वाटायचं, हे कळलं तर तुम्ही त्याला माझ्या खांद्यावरून उतरवून घ्याल. मला जायला दुसरं घर नव्हतं. हे कारण झालं, माफी नाही.

बिल्ला इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होता. कागद भिजवून केलेल्या लगद्यात घालून आठवडाभर उन्हात वाळवला आणि नेऊन ठेवला.

काल मी चष्मेवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या घरच्यांनी सांगितलं तर ती फलक काढून टाकेल, नाहीतर तिने हे ऐकलंच नाही. मुलाला सांगायचं का, कसं सांगायचं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते मी करीन. येऊन त्याच्यासमोर उभा राहीन.

भाऊजी

---

२ जून

भाऊजी,

पत्र मिळालं. मुलगा ऑफिसात होता, सून आणि छोटी बाहेर गेल्या होत्या. बरं झालं.

तुम्ही हो म्हणाला असतात तर मी मेले असते तरी चाललं असतं. मला दोन गोष्टींवर उभं राहता येत होतं. एक, ह्यांनी बिल्ला लावला होता. दोन, तुम्ही चांगल्या मनाने काढलात. तुम्ही दोन्ही काढून घेतल्यात. खरं बोलायला बत्तीस वर्षं घेतलीत, आणि बोललात ते नेमकं मी खोट्यावर सुखी राहायला तयार झाले तेव्हा.

अहवाल खरा होता. त्यांनी बिल्ला लावला नाही. घरी बायको होती, तीन वर्षांचं मूल होतं, आणि एका बटणासाठी ते म्हणाले, राहू दे. मी ज्या ओळीला बत्तीस वर्षं शिव्या दिल्या तिच्यात एक अक्षर चुकलेलं नाही. तुमचा राग करू म्हटलं तर तो पुरा होत नाही, कारण निम्मा तिकडे जातो. ज्यांच्यावर कधी रागावले नाही त्यांच्यावर आता ह्या वयात रागावते आहे, आणि फोटो तिथे दिवाणखान्यात हसतो आहे.

मुलाला काही सांगायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. त्याने आता कुठे मान वर केली आहे. फलक तसाच राहू द्या, त्या मुलीला मी वेगळं पत्र टाकलं आहे.

मुलगा दहा तारखेला छोटीला घेऊन येतो आहे. तो तुम्हाला विचारेल. त्याला खड्ड्याची गोष्ट सांगा. पहारीपासून सांगा, कंगव्यासकट सांगा. तुम्हाला ती छान सांगता येते. आणि नंतर जो कोणी येऊन विचारेल त्यालाही सांगा. तुमचं कामच आहे ते. हातपाय चालतील तोवर रोज त्या मशीनशेजारी उभं राहून सांगायचं. मला दुसरी शिक्षा सुचली नाही आणि ही शिक्षा आहे की नाही तेही मला ठाऊक नाही.

मी येणार नाही. पुन्हा लिहू नका. लिहिलंत तर वाचणार नाही असं म्हणत नाही, पण उत्तर देणार नाही.

वहिनी

---

१२ जून

वहिनी,

उत्तर नको. झालं ते कळवतो.

दोघं सकाळच्या गाडीने आले. छोटी उंच झाली आहे. मशीनघरात शंभरेक माणसं होती. चष्मेवालीने बटण दाबलं आणि रूळ फिरायला लागले. आवाज जवळजवळ नाहीच, सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. मग तिने मला पुढे बोलावलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी सांगितलं. तुम्ही म्हणालात तसं, पहारीपासून. आवाज मध्येच बसला, तर लोकांना वाटलं गहिवरून आलं. छोटीने फलक मोठ्याने वाचला, "निय-मानु-सार" म्हणून अडखळली आणि परत पहिल्यापासून वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसात मी ती गोष्ट नऊ वेळा सांगितली. काल सहा वेळा. पाचव्या वेळेपासून मला कंगवा खरंच दिसायला लागला.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मुलगा एकटा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्ही हौदाकडे नसतात आणि इथे असतात, तर बाबा वाचले असते, नाही? तुम्हाला किती वेळा तसं वाटलं असेल." मी म्हटलं, हो, वाटलं. तो म्हणाला, "त्याचा त्रास करून घेऊ नका. तुम्ही होतात म्हणून मला बाबा परत मिळाले."

आणि त्याने मला मिठी मारली. लहान असताना मारायचा तशी, कान धरून. मी त्याला दूर केलं नाही.

भाऊजी